नव्या पाइपाचा वास

१२ जून

ती. मामांना नमस्कार.

पत्र पाहून नवल वाटेल. फोन करता आला असता. पण कामाचं विचारायचं असेल तर लिहून विचारावं, असं लहानपणी तुम्हीच सांगितलं होतं. बोलताना माणूस विचार केल्याचं नुसतं दाखवतो, लिहिताना त्याला तो करावा लागतो, असंही म्हणाला होतात. हे कामाचं आहे, म्हणून लिहिते.

पुढच्या वर्षी कंपनीची शंभरी. कंपनीच्या मालकीचं जे जे काही आहे त्या सगळ्याचं एक जाडजूड पुस्तक निघणार आहे, आणि त्यातला गॅस विभागाचा भाग माझ्या गळ्यात पडला आहे. वीज विभागवाल्यांचं सोपं आहे. धरणं दिसतात, मनोरे दिसतात, उपकेंद्रांना कुंपण असतं, डोंगराच्या पोटातलं वीजघरसुद्धा दार उघडलं की समोर येतं. आमचा सगळा संसार जमिनीखाली. शोधताना काय काय हाती लागतं. एक बंद पडलेलं नाट्यगृह आपल्या मालकीचं आहे, कारण त्याच्या तळघरात ट्रान्सफॉर्मर बसवलेत. एका टेकडीचा फक्त वरचा अर्धा भाग आपला, खालचा कुणाचा ते कुणालाच माहीत नाही. गॅस साठवायची जुनी लोखंडी टाकी आहे, तीत कबुतरं नांदतात.

प्रत्येक मोठी लाइन कशी टाकली, कशी सुरू केली, हे ती सुरू करणाऱ्या अधिकाऱ्याच्याच शब्दांत यावं असं संचालकांचं म्हणणं आहे. गिरणीभागाची लाइन तुमची. लिहाल का?

आई बरी आहे. बाबा शाळेत कामाला जातात. घंटा, दिवे, पाण्याची मोटर एवढं त्यांच्याकडे असतं. हाती येईल ती वस्तू अजूनही आधी नाकाशी नेतात. परवा मी नवी वही आणली तर तीही नेली.

मामींना नमस्कार सांगा.

तुमची,
मीटर

—

२० जून

चि. मीटरबाईस, तुझ्या म्हाताऱ्या मामाचे पोतंभर आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन पोस्टमन दारात उभाच राहिला. म्हणाला, "साहेब, कोर्टाचं आहे का?" हल्ली माझ्या नावाने येतं ते फक्त गॅसचं बिल, तेही आपल्याच कंपनीचं. जन्मभर लोकांना बिलं पाठवली, आता ती माझ्यावर उलटलीत. तुझी मामी म्हणते, भोगा.

मीटर हे नाव तू अजून लावतेस हे पाहून बरं वाटलं. चार वर्षांची होतीस, चिमणी किती वजनाची, सावली किती लांब, असं विचारून डोकं खायचीस. तेव्हाच ताईला मी म्हटलं होतं, ही इंजिनीअर होणार. झालीस. त्यात या मामाचाही थोडा हात आहे, ते तू विसरणार नाहीस.

लिहितो, सगळं लिहितो. गिरणीभागाची लाइन म्हणजे माझ्या नोकरीचा कळस. फक्त एवढं सांग, किती लांब चालेल? मी सुरू झालो की थांबत नाही, हे तुला ठाऊक आहे.

भावोजींचं वाचून जीव हळहळला. त्यांनी ते प्रकरण आता सोडून द्यायला हवं. लाँड्रीच्या तळघरातली शेगडी सारखी विझते अशी तक्रार आली, भावोजी गेले, खाली उतरले, वास नाही म्हणाले, आणि निघून आले. तासाभरात लाँड्री उडाली. इस्त्रीवाली बाई गेली. फिटरचं नाकच चुकलं, त्याला कोण काय करणार? मुद्दाम थोडंच कुणी चुकतं? चौकशीत मला विचारलं, तेव्हा खरं होतं तेवढंच मी सांगितलं. स्टेशनवर गॅसमध्ये वास पुरेपूर मिसळलेला होता, आणि आदल्या संध्याकाळी भावोजी आमच्याकडे आले तेव्हा त्यांचं नाक चोंदलेलं होतं. सख्ख्या बहिणीचा नवरा गं. मला ते सोपं गेलं असेल का?

असो. जुन्या गोष्टी. ताईला म्हणावं, भावाला विसरलीस काय.

तुझा,
मामा

—

१ जुलै

ती. मामांना नमस्कार.

हवं तेवढं लांब लिहा. कापायचं काम माझं.

त्या संध्याकाळी मीही तुमच्याकडे होते. मामींनी चहा केला होता, आणि बाबा कप हातात घेऊन म्हणाले होते की दूध नासायच्या बेतात आहे. मामींनी पातेलं पाहिलं, तर खरंच होतं. बाबांना सर्दी झालेली मला आठवत नाही. पण आठ वर्षांच्या मुलीच्या आठवणीवर कुणी काही उभारत नाही, हे मला समजतं. तेव्हाही समजलं होतं. इस्त्रीवाली मला तुटलेली बटणं द्यायची, तेही आठवतं.

पुस्तकासाठी मला हवंय ते असं: पाइप कुठला होता, जोडणी कशी केली, गॅस कधी सोडला, आणि सोडल्यावर शेवटच्या घरात ज्योत पेटेपर्यंत काय काय केलं. हा शेवटचा भाग नीट लिहा. वाचणाऱ्यांना तोच आवडेल.

आणखी एक बातमी आहे. शहराबाहेरच्या आपल्या जुन्या खांबांच्या वखारीत नव्या फिटरांना शिकवायला एक गल्ली बांधली आहे. घरं आहेत, दुकानं आहेत, तळघरं आहेत, पण बिऱ्हाड एकही नाही. प्रत्येक घरात एक गळती मुद्दाम ठेवलेली, ती शोधून काढायची. कामगार तिला भुताची गल्ली म्हणतात. तिला नीट नाव द्यायचं ठरतंय. मी तुमचं सुचवलं. संचालकांनी मान डोलावली.

तुमची,
मीटर

—

९ जुलै

चि. मीटर,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचायला लागलो तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात गेली. म्हणाली, "तुमच्या नावाची गल्ली, आणि तीही भुतांची. शोभतं." तिला काय कळतंय. आपल्या कंपनीत संचालकांच्यासुद्धा नावाने काही नाही. धरणाला नदीचं नाव, उपकेंद्राला आकडा. आणि मला गल्ली.

आता लाइनीचं सांगतो.

गिरणीभागात तोवर कोळसाच होता. सगळ्या भिंती काळ्या. आम्ही नवा कोरा पोलादी पाइप आणला, आतून असा चकचकीत की वेल्डर म्हणायचे, साहेब, यात भांग पाडून घ्यावा. काम अर्ध्यावर होतं आणि वरून निरोप आला: संचालक मंडळ उद्घाटनाला येणार, तारीख ठरली, हलणार नाही. सगळ्यांचे चेहरे उतरले. कारण तेव्हाच्या पद्धतीने ते जमणारच नव्हतं. पाइप टाकला की तो गॅसने भरायचा, बंद ठेवायचा, मग तो गॅस सोडून द्यायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा सोडायचा. आमचे लोक त्याला 'मुरवण' म्हणायचे. यात आठवडेच्या आठवडे जायचे, आणि तोवर ग्राहकाला थेंबभर गॅस द्यायचा नाही, असा नियम.

मी मुरवण गाळली. सरळ सांगतो, आज कोण मला मेमो देणार आहे? सकाळी स्टेशनवरची मोठी झडप मी स्वतःच्या हाताने फिरवली, आणि दिवस मावळायच्या आत गिरणीभागाच्या अगदी टोकाच्या गल्लीत, शेवटच्या शेगडीवर निळी ज्योत नाचत होती. संचालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या वर्षी मला बढती मिळाली, ती या ज्योतीवर. असं काम आजवर कुणी केलेलं नाही, लिही खुशाल.

शब्द तू नीट कर, पण "निळी ज्योत नाचत होती" हे काढू नकोस. मला ते आवडलंय.

तुझा,
मामा

—

३० जुलै

ती. मामांना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. गल्लीचं काम चालू होतं.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. निळी ज्योत ठेवली आहे. काहीच कापलं नाही.

तुमच्या नावाची पाटी तयार झाली. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी उद्घाटन. फीत कापून नुसतं टाळ्या वाजवणं संचालकांना नको आहे, गल्ली चालते कशी ते लोकांना दिसलं पाहिजे, असं ते म्हणतात. म्हणून मी असं योजलंय. गल्लीच्या अगदी टोकाला एक लाँड्री बांधली आहे. खाली तळघर, तळघरात शेगडी. तुम्ही पहिली तपासणी करायची. जुन्या पद्धतीने, नुसत्या नाकाने. खाली जायचं, वास घ्यायचा, आणि गॅस आहे की नाही ते सांगायचं. कॉलरला माइक लावू, म्हणजे वर बसलेल्या सगळ्यांना ऐकू येईल. नवे फिटर असतील, संचालक असतील, वर्तमानपत्रवाले असतील.

बाबांना बोलावू का? तुमची हरकत नसेल तर पहिल्या रांगेत बसवते.

तुमची,
मीटर

—

६ ऑगस्ट

चि. मीटर,

लाँड्री कशाला गं? न्हाव्याचं दुकान घे, खानावळ घे. पण असो. लोक विसरलेत, मीच कशाला उकरून काढू? उलट त्यावरून दोन शब्द बोलता येतील, की फिटरने नाक कसं जपलं पाहिजे.

भावोजींना जरूर आण. इतक्या वर्षांत आम्ही धड बोललेलो नाही. आमच्याकडे आले की ताई दिवाणखान्यात बसते, ते बाहेर फाटकाशी उभे राहतात, आत ये म्हटलं की म्हणतात, इथे बरं आहे. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्यांना हात देईन. झालं गेलं संपेल. तू हे घडवून आणतेस, गुणाची पोर आहेस.

मामीने माझा कोट धोब्याकडे दिला. मी रोज सकाळी नाकाने श्वास घ्यायचा सराव करतो. ती म्हणते, बाहेर जाऊन करा.

एक मात्र विचारून ठेवतो, आणि याचं उत्तर दे. लाँड्रीला आलेला पाइप नवा आहे का? नवा असेल तर मुरवून घेतलायस ना? तू पुस्तकात शिकली असशील, पण मी प्रत्यक्षात पाहिलंय. गॅसला स्वतःचा वास नसतो, वास आपण घालतो. आणि कोरं पोलाद तो वास पिऊन टाकतं. स्टेशनवर कितीही मिसळा, पार टोकाला नुसता बिनवासाचा गॅस बाहेर पडतो. कुत्र्याचं नाक असलं तरी कळायचं नाही. तसं झालं तर तळघरात उभा राहून मी "वास नाही" म्हणेन आणि चारचौघांत माझी फजिती होईल. या वयात मला ते परवडायचं नाही.

तुझा,
मामा

—

१० ऑगस्ट

ती. मामांना नमस्कार.

तुमचा प्रश्न योग्य आहे. स्टेशनवर वास पुरेपूर मिसळलेला आहे, मात्रा मी स्वतः मोजली. आणि तुम्हीच एकदा सांगितलं होतं की स्टेशनवर वास मिसळला की तो शेवटच्या ग्राहकाच्या नाकापर्यंत पोचतोच, न पोचला तर दोष नाकाचा. ते मी विसरलेले नाही.

उद्घाटनाच्या शनिवारी सकाळी गाडी पाठवते.

तुमची,
मीटर

—

१४ ऑगस्ट

चि. मीटर,

झालं, जीव भांड्यात पडला. असं मी कधी म्हणालो होतो ते आठवत नाही, पण म्हणालो असेन, वाक्य झकास आहे. भाषणात घालतो.

कोट इस्त्री होऊन आला.

मामा

—

३ सप्टेंबर

मीटर,

हे पत्र मी चार वेळा फाडलं.

तुझ्या शब्दावर मी त्या तळघरात उतरलो. दीर्घ श्वास घेतला. एकदा, दोनदा. ओल्या सिमेंटचा वास आला, बाकी काही नाही. मी माइकमध्ये म्हणालो, "वास नाही. घर सुरक्षित आहे." वर टाळ्या पडल्या. मग तू दोरीला बांधून ते गॅस ओळखायचं यंत्र खाली सोडलंस, आणि ते किंचाळायला लागलं. माझ्या कॉलरच्या माइकमधून साऱ्या मैदानभर किंचाळलं.

वर आलो तर संचालक हसत होते. वाईट हेतूने नव्हे, माणूस चांगला आहे. ते म्हणाले, "काय साहेब, सर्दी झालीय का?" आणि शंभर पोरं हसली. कालची पोरं, ज्यांना पाना कुठल्या बाजूला फिरवायचा ते कळत नाही.

माझा तोल गेला. मी ओरडलो, "सर्दी बिर्दी काही नाही मला. खाली वास नाहीच. पाइप नवा आहे, मुरवलेला नाही, त्याने वास खाल्ला. यात नाकाचा काय दोष?" माइक चालूच होता.

आणि मग मला पहिल्या रांगेत भावोजी दिसले. ते उभे राहिले होते.

ते माझ्याकडे आले नाहीत. माझ्या शेजारून गेले, लाँड्रीच्या पायऱ्या उतरले, आणि बराच वेळ खालीच राहिले. कुणी हसलं नाही. वर आले, आणि मला नाही, कुणालाच नाही, असं हळूच म्हणाले, "नाही. वास नाही." पूर्वी म्हणाले होते तसंच.

तू मला पत्रात हो म्हणालीस. मी स्पष्ट विचारलं होतं आणि तू मला फसवलंस. तुला कडेवर घेऊन फिरलो. तुझ्या बापाची नोकरी गेल्यावर तुझं शिक्षण कुणी केलं? एवढंच सांग, का?

मामा

—

८ सप्टेंबर

ती. मामांना नमस्कार.

माझं १० ऑगस्टचं पत्र पुन्हा वाचा. पाइप नवा आहे का, या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. 'हो' हा शब्दही नाही. स्टेशनवर वास पुरेपूर होता हे खरं आहे. तुम्ही चौकशीत सांगितलं तेही तेवढंच खरं होतं. त्याच्यापुढचं वाक्य तुमचंच, चौकशीतल्या तुमच्या जबाबातलं. ते तुम्हाला ओळखता आलं नाही. बाबांना ते तोंडपाठ आहे.

माझं शिक्षण तुम्ही केलंत, हे मी कुठेही नाकारत नाही. तिसऱ्या वर्षाला धातू आणि वायू असा एक विषय होता. त्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं, की नव्या पोलादाच्या आतल्या पृष्ठभागावर वासाचं द्रव्य धरलं जातं, आणि पाइप नीट भरेपर्यंत टोकाला वास पोचत नाही. मी ते वहीत उतरवून घेतलं नाही. बाहेर जाऊन पाणी प्यायले. तेव्हापासून मला एकच गोष्ट ठाऊक नव्हती: तुम्हाला हे माहीत होतं का? माहीत नसतं तर ती चूक. चुका मलाही होतात.

तुमची दोन पत्रं पुरेशी आहेत. एकात मुरवण गाळली असं आहे. दुसऱ्यात ती कशासाठी करतात, गाळली तर काय होतं, आणि 'प्रत्यक्षात पाहिलंय' असं आहे. प्रत्यक्षात तुम्ही ते एकाच ठिकाणी पाहिलं असणार, गिरणीभागातल्या तुमच्या लाइनीच्या टोकाच्या त्या लाँड्रीत. म्हणजे चौकशीत बसला होतात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. बाबांचं नाक चोंदलेलं होतं असं सांगितलंत, तेव्हाही.

तुमच्या जिवाला कसलाही धोका नव्हता. स्फोट व्हायला जेवढा गॅस लागतो त्याच्या पावपट गॅस तळघरात होता, आणि साधारण नाकाला त्याहूनही कमी पुरतो. पंखा तयार होता, झडपेवर माझा हात होता, शेगडीत ठिणगीसुद्धा नव्हती. इस्त्रीवालीच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

संचालकांना मी काही पढवलं नव्हतं. सर्दीचं त्यांना आपलं आपणच सुचलं. कुणालाही तेच सुचतं. म्हणून तर तेव्हा तुमचं काम इतकं सोपं झालं.

तुमचा राग मला कळतो. कारण तुम्ही खरं बोलत होतात. तळघरात वास नव्हताच, तुम्ही नीट पाहिलंत, आणि तरी लोक हसले. ते किती वेळ चाललं? तुम्ही सांगेपर्यंत. तुम्हाला कारण माहीत होतं, ते तुम्ही लगेच सांगून मोकळे झालात. बाबांना कारण माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो समोर बसला होता, आणि गप्प होता.

दोन्ही पत्रं आणि त्या दिवशीचं ध्वनिमुद्रण मी कंपनीकडे दिलं आहे. चौकशी पुन्हा उघडली आहे. तुम्हाला बोलावतील. या वेळीही खरं असेल तेवढंच सांगा.

मीटर

—

२५ ऑक्टोबर

चि. मीटर,

चौकशी झाली. तुला माझ्याआधीच कळलं असेल. मी सगळं सांगितलं. भावोजींच्या नावावरचा डाग पुसला, आणि तो पुसल्याचं पत्र कंपनीने त्यांना माणूस पाठवून घरपोच दिलं म्हणे. माझ्यावर काय करायचं ते करतील, निवृत्त माणसाचं काढून काढून काय काढणार? मामी माझ्याशी बोलते, पण 'हं' आणि 'हो' एवढंच. ताई फोन उचलत नाही.

तुला एक सांगायचंय. परवा भावोजी आले होते. एकटे. मला वाटलं फाटकाशी उभे राहतील. पण आत आले, खुर्चीत बसले. मामीने चहा दिला. त्यांनी कप नाकाशी नेला, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दूध चांगलं आहे." मी रडलो. या वयात, मामीसमोर. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मला एवढंच कळायला हवं होतं, की माझं नाक बरोबर होतं." त्यांनी माफ केलं गं मला.

मला भीती वाटत होती. तेव्हा खरं सांगितलं असतं तर मी तुरुंगात गेलो असतो. पोरं लहान होती. एकदा वाटलं, भावोजींची नुसती बदली होईल, काढणार नाहीत. मग काढलं, आणि मागे फिरायची वेळ निघून गेली. म्हणून तुझ्या शिक्षणाचं बघत राहिलो. निदान ही पोर तरी उभी राहावी.

आता एकच मागतो. ती पाटी काढ. त्या दिवशी काय झालं ते साऱ्या कंपनीला ठाऊक आहे, आणि त्या गल्लीवर अजून माझं नाव आहे. परवा एका जुन्या माणसाने सांगितलं, की नव्या पोरांच्या प्रत्येक तुकडीला पहिल्याच दिवशी त्या लाँड्रीत उतरवतात, आणि वर आल्यावर माझी गोष्ट सांगतात. पाटी काढ. निदान तो पाइप तरी मुरव, म्हणजे खाली वास येईल आणि ती गोष्ट बंद पडेल. ज्याचं नुकसान झालं त्याने सोडून दिलं. तू कुणासाठी धरून बसलीस?

तुझा,
मामा

—

२ नोव्हेंबर

ती. मामांना नमस्कार.

बाबा तुमच्याकडे येऊन गेले हे मला तुमच्या पत्रातून कळलं. त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. माफ करायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवलं. मी त्यांना विचारणार नाही.

तुम्ही लिहिता, ज्याचं नुकसान झालं त्याने सोडून दिलं. नुकसान झालेलं आणखी एक माणूस आहे. तिला कुणी विचारायला गेलेलं नाही. तुमच्या इतक्या पत्रांत लाँड्री आली, तळघर आलं, तुमची पोरं आली, बढती आली. बाई मात्र एकदाच आली, जून महिन्यात. "इस्त्रीवाली बाई गेली", तीन शब्द.

आईच्या फोनचं मी काही करू शकत नाही.

आता पाटीचं. संचालक ती काढायलाच निघाले होते, मला बोलावून विचारलं. मी म्हटलं, राहू द्या. नाव काढलं तर पोरं विचारणार नाहीत, की हे साहेब कोण. आता विचारतात. त्यांना सांगायला दर वेळी कुणी अनुभवी माणूस हवा असतो. शाळेच्या सुट्टीच्या दिवशी बाबा जातात. ते तुमच्याबद्दल वाईट एक अक्षरही बोलत नाहीत. नवा पाइप, मुरवण, आणि नाकावर कधी किती भरवसा ठेवायचा, एवढंच सांगतात. तुमचा भाग दुसरं कुणीतरी सांगतं. बऱ्याचदा मी.

पाइप मुरवण्याबद्दल तुमचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. मुद्दाम मुरवला नाही तरी तो रोज थोडा थोडा वास पीतच राहतो. एक दिवस पोलाद भरतं, आणि त्या तळघरात वास यायला लागतो. तसं झालं की धडा संपला. हे मला सुरुवातीपासून माहीत होतं. म्हणून अंदाजपत्रकात त्या लाँड्रीसाठी दर वर्षी कोरा पाइप टाकायची तरतूद मी करून घेतली आहे. कंपनीच्या मालमत्तेच्या पुस्तकातही त्याची नोंद आहे, धरणं आणि वीजघरांच्या बरोबरीने. मी असेपर्यंत तो पाइप मुरणार नाही.

मामींना नमस्कार.

तुमची,
मीटर